वही तपासता, आता कर्जदारालाही विचारा : सावकारी तपासणी अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
परवानाधारक सावकारांच्या दप्तराची तपासणी करणारे सर्व सहायक निबंधक व तपासणी अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरला इतवारीत हिशेब लिहितो. सराफा ओळीतल्या आणि आसपासच्या काही परवानाधारक सावकारांची रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार वही) आणि तारण नोंदवही हे माझे रोजचे काम. तपासणी लागली की सावकारासोबत दप्तराचे गाठोडे घेऊन मीच जातो. टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीवरून तपासणी कशी दिसते हे मला नीट माहीत आहे आणि त्या खुर्चीवरूनच हे पत्र लिहितो आहे. माझी मागणी एकच आहे. तपासणी करताना कर्जदाराला विचारा.

साधारणपणे होते असे की तारीख कळवली जाते, आम्ही दप्तर मांडतो, अधिकारी परवान्याची मुदत बघतात, खतावणीतला व्याजदर बघतात, पावती पुस्तकांचे अनुक्रमांक लागोपाठ आहेत का ते बघतात, सह्या आणि अंगठे बघतात, रोजकीर्दीची बेरीज पडताळतात. हे सगळे व्हायलाच हवे. पण त्या टेबलावर आलेला प्रत्येक कागद एकाच बाजूने लिहिलेला असतो. ज्याने पैसे दिले त्याने लिहिले, किंवा त्याच्या सांगण्यावरून माझ्यासारख्याने लिहिले. ज्याने पैसे घेतले त्याची तिथे फक्त सही असते, आणि ती सही त्याने कोऱ्या कागदावर केली की भरलेल्या, हे सहीकडे बघून कळत नाही.

कायदा चांगला आहे, हे मी मनापासून म्हणतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 आला आणि त्याने 1946 चा जुना कायदा बाजूला केला. त्यानंतर शासनाने दर ठरवून दिले. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला 9 टक्के, विनातारण 12 टक्के. इतरांना तारणावर 15, विनातारण 18. चक्रवाढ चालत नाही. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, म्हणजे दामदुपटीची मर्यादा आहे. रक्कम कोरी ठेवून वचनचिठ्ठी लिहून घेता येत नाही. कर्जदाराला कर्जाचे विवरण लेखी द्यायचे, मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती द्यायची. विनापरवाना सावकारी केली तर 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यातली एकेक तरतूद कर्जदारासाठी केलेली आहे. मग ती पाळली गेली की नाही हे सांगणारा पहिला साक्षीदार कर्जदारच असायला नको का?

बाजारात व्याज कसे बोलतात ते तुम्हालाही माहीत आहे. कोणी वर्षाचा दर बोलत नाही. शेकडा दोन, शेकडा तीन असे बोलतात आणि ते महिन्याचे असते. 40,000 रुपये सोन्यावर घेतले तर 15 टक्क्यांनी महिन्याचे व्याज 500 रुपये होते. शेकडा तीनने 1,200 होते. वहीत 500 ची पावती फाटते, उरलेले 700 वहीबाहेर राहतात. पूर्वी हे पकडणे अवघड होते, कारण रोख रकमेचा माग राहत नाही. आता बऱ्याच बाया-माणसे फोनवरून पैसे पाठवतात. सावकाराच्या स्वतःच्या खात्यावर कमी, बहुधा मुलाच्या, पुतण्याच्या नाहीतर दुकानातल्या पोराच्या खात्यावर. कर्जदाराच्या फोनमध्ये महिन्याच्या महिन्याला गेलेले 1,200 रुपये तारखेसकट दिसतात. त्याच तारखेला खतावणीत 500 लिहिलेले असतात. हा पुरावा सावकाराच्या दप्तरात शोधून कधीही सापडणार नाही, तो कर्जदाराच्या खिशात आहे. तो बघायला पाच मिनिटे लागतात.

दुसरा प्रकार यापेक्षा वाईट आहे आणि त्याच्यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण कागदावर तो अगदी स्वच्छ दिसतो. ज्यांना दरमहा व्याज देणे जमत नाही त्यांचे खाते वर्षअखेर ‘नवे-जुने’ केले जाते. समजा त्याच 40,000 वर शेकडा तीनने वर्षाचे 14,400 झाले. म्हणजे सावकाराच्या मनातला हिशेब 54,400. वहीत मात्र 15 टक्क्यांनी 6,000 व्याज, म्हणून जुने खाते 46,000 जमा दाखवून बंद होते आणि त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, त्याच माणसाच्या नावावर 54,400 चे नवे खाते उघडते. प्रत्यक्षात एक रुपयाही हलत नाही. रोजकीर्दीत 46,000 आले, 54,400 गेले. मधले 8,400 रुपये कर्जदाराला दिले असे लिहिलेले असते. ते कुणालाही दिलेले नसतात. कायद्याच्या दरापेक्षा जास्त घेतलेले व्याज ते हेच. त्या एका नोंदीने ते मुद्दल होऊन बसते.

पुढच्या वर्षी 54,400 चे 73,984 होतात. तिसऱ्या वर्षी 1,00,618. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी त्या माणसावर 40,000 पोटी 60,000 च्या वर व्याज चढलेले असते. चक्रवाढ झाली, दामदुपटीची मर्यादा ओलांडली, दराची तर गोष्टच नको. आणि वही? वहीत तीन वेगवेगळी कर्जे आहेत, तिन्हींवर 15 टक्के आहे, तिन्हींवर सही आहे, पहिली दोन वेळेवर फिटलेली आहेत. तपासणी अहवालात अशा पेढीबद्दल काय लिहिणार? ‘दप्तर नियमानुसार आढळले.’

हे पकडण्याच्या खुणा वहीतही आहेत. एकाच नावाचे खाते लागोपाठच्या दिवसांत बंद आणि सुरू. तारण तेच, ग्रॅमनंतरचे तीन आकडेसुद्धा तेच. नवी रक्कम जुन्यापेक्षा मोठी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अशा नोंदींची रांग लागलेली असते. तपासणी न कळवता त्या आठवड्यात झाली आणि गल्ल्यातली रोकड मोजली, तर वहीतल्या शिलकेपेक्षा गल्ल्यात जास्त पैसे निघतील. पण खुणा म्हणजे पुरावा नव्हे. सावकार म्हणेल, माणसाने सकाळी फेडले, संध्याकाळी गरज पडली म्हणून पुन्हा नेले. त्याचे म्हणणे खरे की खोटे हे सांगू शकणारा माणूस एकच आहे, आणि त्याला आजवर कोणी विचारले नाही.

मागच्या पावसाळ्याआधी पारडीकडची एक बाई माझ्याकडे आली होती. कोणीतरी तिला सांगितले होते की इथे चिठ्ठी वाचून देतात. प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाच्या आत जपून ठेवलेली चिठ्ठी तिने काढली. कुठल्याशा बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वर एक नंबर, त्याखाली वजन 11.400, त्याखाली रक्कम आणि कोपऱ्यात एक गिचमिड सही. पेढीचे नाव नाही, शिक्का नाही, तारखेत साल नाही, व्याजाचा दर नाही. तिची एकदाणी, म्हणजे गळ्यातला दागिना, त्या नंबरावर पडून होती. “ते म्हनते, चिट्ठी हरपली त माल भेटनार नाही,” ती म्हणाली. व्याजाच्या पावत्या विचारल्या तर पावती असते हेच तिला नवीन होते. मी तिला खातेउतारा मागायला सांगितले, तो तिचा हक्क आहे हेही सांगितले. ती गेली, मागितला. आधी सोडवून ने, मग हिशेब माग, असे उत्तर मिळाले. मी म्हटले, अर्ज लिहून देतो, तक्रार करू. ती नको म्हणाली. “पोरीचं लगन हाय जी. वाद नाही कराचा मले.”

त्या पेढीच्या भिंतीवर परवाना फ्रेम करून लावलेला आहे.

तक्रारी येत नाहीत म्हणजे सगळे ठीक आहे, असे मोठ्या पदावरची माणसेही म्हणताना मी ऐकले आहे. त्यांनी त्या बाईच्या जागी बसून बघावे. सोने त्याच्या तिजोरीत, कोरा चेक त्याच्या ड्रॉवरमध्ये, सही केलेला स्टॅम्प पेपर त्याच्या फाइलमध्ये, आणि पुढच्या जूनमध्ये बियाण्यासाठी पुन्हा त्याच्याच दारात जायचे आहे. असा माणूस तक्रार करणार नाही. तो येईल या आशेवर बसलेली यंत्रणा वर्षानुवर्षे बसूनच राहील. म्हणून त्या बाईकडे जावे लागेल, आणि तेही असे की तिने तक्रार केली असे कुणाला वाटणार नाही. तपासणीचा भाग म्हणून दहा जणांना विचारले, त्यात तिलाही विचारले, इतके ते सहज झाले पाहिजे. हे फक्त तुम्ही करू शकता. माझ्यासारख्याने विचारले तर ती चुगली ठरते. अधिकाऱ्याने विचारले तर ते सरकारी काम असते.

अधिकार पुरेसे आहेत. कलम 16 खाली तुम्ही कागदपत्रे मागवू शकता, जागेत जाऊन तपासू शकता, साक्षीसाठी माणसे बोलावण्याची तरतूदही कायद्यात आहे. कलम 18 खाली सावकाराने व्यवहारात बळकावलेली जमीन कर्जदाराला परत देण्याचे आदेश विदर्भातही निघाले आहेत. जमिनीच्या प्रकरणात कर्जदाराचा जबाब होतो, शेजाऱ्यांचे जबाब होतात, पंचनामा होतो. एकदाणी आणि गोफ यांच्यासाठीही तेवढीच नाही, पण काहीतरी चौकशी व्हावी.

तारणाचे दागिने ज्यांत बांधून ठेवतात त्या पुड्यांबद्दलही सांगायचे आहे. तारण नोंदवहीत वजन लिहिलेले असते आणि तपासणीत ते वाचले जाते. पुडी उघडून काट्यावर ठेवली जाते का? दहा पुड्या उघडा. पुडीतल्या चिठ्ठीवरचे वजन, नोंदवहीतले वजन, कर्जदाराच्या हातातल्या चिठ्ठीवरचे वजन आणि काट्यावरचे वजन हे चार आकडे शेजारी शेजारी लिहा. खड्यांचे आणि लाखेचे वजन किती वजा केले तेही. घेताना जास्त घट धरायची आणि लिलावात पूर्ण वजन विकायचे, ही जुनी रीत आहे. नोंदवहीत नसलेल्या पुड्या तिजोरीत सापडल्या तर वहीबाहेर किती धंदा चालतो त्याचा अंदाज त्याच दुपारी येईल.

सोनेतारण कंपन्यांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने हेच केले. 2024 च्या मार्चमध्ये एका मोठ्या कंपनीला नवी सोनेतारण कर्जे देण्यास मनाई झाली, ती तपासणीत सोन्याची शुद्धता आणि वजन ठरवण्यात गंभीर तफावती आढळल्यामुळे. वही उलटून हे कळले नसते. त्यानंतर 6 जून 2025 ला बँकेने सोन्या-चांदीच्या तारणाचे नवे निर्देश काढले आणि ते 1 एप्रिल 2026 पर्यंत लागू करायला सांगितले. पारख कर्जदाराच्या समोर करायची, वजन आणि घट लेखी द्यायची, कर्ज फिटल्यावर तारण जास्तीत जास्त 7 कामकाजाच्या दिवसांत परत करायचे, कंपनीच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. आपल्या परवानाधारक पेढ्यांवर हे निर्देश लागू होत नाहीत. पण तपासणीला जाताना नेमके काय बघावे याचा चांगला नमुना त्यात आहे, तो घ्यायला कोणाची हरकत नसावी.

आता शेतकऱ्याचा दर. 9 टक्के आणि 15 टक्के यांत 6 टक्क्यांचा फरक आहे, आणि तो एका रकान्यावर ठरतो. ‘कर्जाचे कारण’ हा तो रकाना. काटोल, नरखेड, कुही, भिवापूर या भागांतून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सोने गहाण पडते. मृग लागायच्या आत बियाणे आणि खत घ्यायचे असते, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. तरी रकान्यात ‘घरगुती कारणासाठी’ लिहिले जाते, आणि कर्ज बहुतेकदा बायकोच्या नावावर असते, कारण दागिना तिचा. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. मग ती शेतकरी नाही असे धरून 15 टक्के लावायचे. जूनमधल्या अशा नोंदी वेगळ्या काढा आणि त्या बायांना एकच विचारा, पैसे कशाला घेतले होते? उत्तर एका वाक्यात मिळेल. 2015 मध्ये शासनाने विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांचे परवानाधारक सावकारांकडचे कर्ज माफ केले, तेव्हा वहीतल्या नोंदीला किती किंमत असते हे साऱ्यांना कळले. ज्याची नोंद वेगळी, त्याच्यासाठी ती योजना वेगळी.

सरळ धंदा करणाऱ्या सावकारांबद्दलही लिहिले पाहिजे, कारण तेही माझे पक्षकार आहेत आणि त्यांच्यावर अन्याय होतो असे मला वाटते. इतवारीत आणि महालात अशा पेढ्या आहेत जिथे पावती दिल्याशिवाय पैसे घेत नाहीत, जिथे आजोबांच्या काळापासूनची गिऱ्हाइके येतात. ते 15 टक्क्यांत धंदा करतात, तपासणी फी भरतात, आयकर भरतात. शेजारचा शेकडा तीनने घेतो आणि त्याचाही अहवाल यांच्याइतकाच चांगला येतो. एखादी सही राहिली, पावतीवरची तारीख खोडली गेली, तर शेरा सरळ माणसालाच बसतो, कारण ज्याला दुसरी वही ठेवायची असते त्याची पहिली वही नेहमी नीटनेटकी असते. मला अशा वह्या ओळखू येतात. एका बैठकीत, एकाच पेनने, एकाच घोटीव अक्षरात लिहिलेली वर्षभराची रोजकीर्द. रोज संध्याकाळी लिहिणाऱ्याची वही अशी दिसत नाही. तिच्यात शाई बदलते, पानावर चहाचा डाग असतो, एखादी चूक लाल शाईने दुरुस्त केलेली असते. कर्जदाराला विचारायची पद्धत सुरू झाली तर सर्वांत आधी फायदा या सरळ पेढ्यांना होईल. त्यांच्या कर्जदारांची उत्तरे आणि त्यांच्या वह्या जुळतील.

परवानाधारक पेढ्या बंद व्हाव्यात असे मला मुळीच वाटत नाही. त्या बंद झाल्या तर कळमन्यातला हमाल आणि हिंगण्याचा ठेकेदारी कामगार रात्री दवाखान्यासाठी पैसे मागायला रोजाच्या वसुलीवाल्याकडे जाईल, नाहीतर मोबाइलवरच्या एखाद्या अॅपकडे. तिथे वहीच नसते.

तुमच्यावर कामाचा किती भार आहे याची मला जाणीव आहे. एकाच कार्यालयात सहकारी संस्थांची नोंदणी, त्यांच्या भानगडी, पतसंस्थांच्या ठेवीदारांच्या तक्रारी, सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 चे वसुली दाखले, आणि त्यात सावकारी. वाहनाची सोय होईल याची खात्री नसते, सोबत द्यायला माणूस नसतो. म्हणून मी प्रत्येक कर्जदाराकडे जा असे म्हणत नाही. प्रत्येक पेढीमागे दहा नावे पुरेत. ती तुम्ही निवडा, सावकाराला निवडू देऊ नका. तीन अशी घ्या ज्यांचे खाते नवे-जुने झाले आहे, तीन जूनमधली, दोन अशी ज्यांचे तारण लिलावात गेले, बाकी कुठलीही. त्यांना पेढीवर बोलावू नका, सावकारासमोर कोणी बोलणार नाही. शक्यतो घरी जा, आणि बायांशी बोलताना सोबत महिला कर्मचारी असू द्या. हातात किती पैसे आले, महिन्याला किती देता आणि कोणाच्या खात्यावर देता, पावती किंवा चिठ्ठी दाखवा, कोरा चेक किंवा कोरा स्टॅम्प दिला आहे का, एवढेच विचारायचे आहे. दहा माणसांना दोन दिवस लागतील. पेढीत बसून पावती पुस्तकांचे अनुक्रमांक मोजण्यात जेवढा वेळ जातो, त्यातला थोडा इकडे वळवता येईल.

कर्जदार आणखी एका ठिकाणी अडकतो. त्याला सावकार आणि कंपनी यांतला फरक माहीत नसतो. 10 मे 2022 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे पक्के झाले की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत. कायद्याने ते बरोबर असेल. पण कंपनीच्या शाखेबद्दल तक्रार घेऊन कोणी सहकार खात्यात आले तर ‘हे आमच्याकडे येत नाही’ एवढे सांगून त्याला परत पाठवू नका. आधी कंपनीला लेखी दे, 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे पैसे पडत नाहीत, एवढे एका कागदावर मराठीत छापून त्याच्या हातात द्या. रिझर्व्ह बँकेचे मोठे कार्यालय आपल्याच शहरात, सिव्हिल लाइन्समध्ये आहे, तरी त्या दारातून आत जायची हिंमत पारडीच्या बाईला होत नाही.

1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्यांना कळले होते की त्या कागदांवर काय लिहिले जाते त्यावर आपला ताबा नाही. आज कागदांना कायद्याचे संरक्षण आहे, तपासणी आहे, अधिकारी आहेत. तरीही त्या कागदावर कर्जदाराचे म्हणणे लिहायला जागा नाही. तपासणी अहवालाच्या नमुन्यात असा रकाना नसेल तर त्यासाठी शासन निर्णयाची वाट बघू नका. दहा कर्जदारांची उत्तरे वेगळ्या पानावर लिहा, खाली तारीख टाका, अहवालाला टाचून वर पाठवा. वरच्या साहेबांनी ते पान काढून टाका असे सांगितले, तर तेही लेखी मागा.

येत्या मार्चअखेर पुन्हा खाती नवी-जुनी होतील. त्याआधी फेब्रुवारीत एका तालुक्यात, एका पेढीपासून सुरुवात करा. माझ्याकडच्या पेढ्यांपासून केली तरी चालेल, दप्तर तयार आहे आणि कर्जदारांचे पत्ते त्यात पूर्ण लिहिलेले आहेत.

आपला विश्वासू,
इतवारीतील एक हिशेबनीस
नागपूर